कुटुंबाकडून मिळालेली माहिती

धम्मपाल येणार म्हटलं की मटण, हा नियम शकुआजीने घालून दिला होता आणि धाकटी सून म्हणून राधाने तो वीस वर्षं मुकाट पाळला होता. त्या शनिवारी तिने पोहे केले. शेंगदाणेसुद्धा मोजून घातले.

"दादाला पोहे?" कुंडलिकने दबक्या आवाजात विचारलं.

"दुसरा शनिवार आहे ना? त्यांच्या बँकेला सुट्टी, तशी माझ्या मटणाला पण."

कुंडलिकने चपला कोपऱ्यात सरकवल्या. पवईच्या टॉवरवरची पाळी संपवून तो नुकताच आला होता आणि अंगावर अजून सिक्युरिटीची निळी पँट होती. मरोळचा खोक्यांचा कारखाना सप्टेंबरात भिवंडीला गेला, त्यानंतर मिळालेली ही नोकरी. सव्वीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस आता गेटवर उभा राहत होता, आणि पगार निम्म्यावर आला होता. थोरल्या भावाला फोन करून त्यानेच बोलावलं होतं. घरात कागदाचा काही घोळ झाला की धम्मपालला बोलवायचं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. राधाला ते बोलावणंच पटलं नव्हतं. ज्याच्या घरातून आग लागली त्यालाच विझवायला कशाला बोलवायचं?

पत्र गुरुवारी आलं होतं. पत्र म्हणजे लेकीच्या, तेजलच्या मोबाइलवर आलेली इंग्रजी मेल, पण घरात सगळे त्याला पत्रच म्हणत होते. पोरगी बंगळुरूच्या विद्यापीठात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या खोलीचं भाडं कुंडलिक भरायचा आणि मेसचे पैसे धम्मपाल पाठवायचा, असं पहिल्या वर्षीच ठरलं होतं. कारखाना गेला आणि भाडं थकलं, तेव्हा तेजलने विद्यापीठाच्या हार्डशिप फंडाकडे अर्ज केला. राहण्याखाण्यावाचून ज्यांचं शिक्षण अडतं अशा मुलांसाठी तो फंड होता. तो मिळाला तर शेवटचं सेमिस्टर पार पडणार होतं. नाही मिळाला तर सुट्टी संपल्यावर परत जायचं कारणच नव्हतं.

आणि आता फंडवाले म्हणत होते, अर्जात लिहिलंय एक आणि आम्हाला कळलंय भलतंच. कुटुंबाकडून मिळालेल्या माहितीनुसार तुमच्याकडे स्वतःचा फ्लॅट आहे, चारचाकी आहे. सोमवारी समिती बसेल, त्याआधी खुलासा करा.

कुटुंबाकडून! त्या एका शब्दाने राधाची दोन दिवस झोप उडाली होती. फ्लॅट आणि चारचाकी या कुटुंबात एकाच घरी होती, धम्मपालच्या, मुलुंडला. अर्जाची गोष्ट बाहेर कोणालाच माहीत नव्हती. मग फंडाला सांगितलं कोणी? राधाला पुराव्याची गरज वाटत नव्हती. मागच्या महिन्यात धम्मपालच्या समीक्षाच्या साखरपुड्यात जाऊबाईंनी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, 'आमच्या विशालला कुठला फंड बाई, आम्हाला कर्जच काढावं लागतं.' ते वाक्य राधाने तेव्हाच मनात ठेवून दिलं होतं.

अकराच्या सुमारास धम्मपाल आणि त्याची बायको माधुरी आले. वस्तीतल्या जुन्या गुंफेच्या वरच्या गल्लीत गाडी शिरत नाही, त्यामुळे ती खाली नाक्यावर लावून चढ चढताना दोघांनाही दम लागला होता.

"पप्पा, पाणी," तेजलने तांब्या पुढे केला. मग बापाकडे वळून म्हणाली, "काका, तू पण पाय वर घेऊन बस ना. रात्रभर उभा होतास."

नवख्या माणसाला हे ऐकून गोंधळायला झालं असतं. मरोळच्या एका खोलीत दोघे भाऊ संसार करत असताना विशाल आणि समीक्षा धम्मपालला पप्पा म्हणायची आणि कुंडलिकला काका. मागून बोलायला लागलेल्या तेजलने तेच उचललं. सुरुवातीला सगळे हसले, मग सवय झाली, आणि पुढे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. माधुरी तिची मम्मी झाली आणि राधा आई. म्हणजे आया दोन, आणि जन्मदाता बाप फक्त दाखल्यावर. राधाला हे कधीतरी खुपायचं. आज जरा जास्तच खुपलं.

* * *

पोह्यांची बशी हातात आली आणि माधुरीला सगळं कळलं. आपल्यावर खटला भरलाय. निकालही लागलाय, शिक्षा तेवढी सांगायची बाकी आहे.

ती रडारड करणाऱ्यांतली नव्हती. तिने एक घास खाल्ला, बशी खाली ठेवली आणि सरळच विचारलं, "राधा, तुला वाटतंय मी सांगितलं?"

"मी कुठे नाव घेतलं ताई?"

"बशीत शेंगदाणे चार आहेत. नाव घ्यायला काय लागतं अजून?"

"वहिनी, असं काही नाही," कुंडलिक घाईघाईने म्हणाला.

"असंच आहे, कुंडलिकभाऊजी. तुम्ही साधे आहात, तुम्हाला कळत नाही." माधुरी तेजलकडे वळली. "कुठे आहे पत्र? आण इकडे. मला वाचू दे."

"राहू दे गं," धम्मपाल मध्येच बोलला. "पोरीने सांगितलंय काय ते. खुलासा कसा लिहायचा ते बघू."

त्याचा घाईचा सूर माधुरीला खटकला. हा माणूस बँकेत तीस वर्षं कागद वाचतो. सोसायटीची नोटीससुद्धा चष्मा लावून दोनदा वाचतो. आज पत्र न बघता खुलासा लिहायला निघालाय? आणि तेजलही मोबाइल द्यायला तयार नव्हती. चार्जिंग कमी आहे म्हणाली. माधुरीने हात पुढेच धरून ठेवला, तेव्हा कुठे तिने तो दिला.

इंग्रजी माधुरीला बऱ्यापैकी येत होतं. विशालला दहावीपर्यंत तिनेच शिकवलं होतं. तिने ओळी बोट लावून वाचल्या. फ्लॅटचं होतं, गाडीचं होतं. पण वर आणखी एक वाक्य होतं, जे या घरात कोणी उच्चारलं नव्हतं.

"हे काय गं तेजल? 'अर्जात तुम्ही दुसऱ्या कोणाचीही मदत मिळत नाही असं लिहिलं आहे.' तू असं लिहिलंस?"

तेजलने मोबाइल परत घ्यायला हात पुढे केला.

"कोणाचीही मदत नाही? मग पप्पा दर महिन्याला मेसचे पैसे पाठवतात ते काय हवेत जातात? घरातला एसी यंदा अख्खा उन्हाळा बंद होता आमचा. मी एक शब्द बोलले नाही. म्हटलं, आपलीच पोर आहे. आणि तू नावसुद्धा घेतलं नाहीस?"

"मम्मी, फॉर्ममध्ये तसंच लिहावं लागतं. सगळेच लिहितात."

"सगळेच खोटं लिहितात?"

आता राधानेही मान वर केली. गुरुवारपासून तीन वेळा मराठी करून सांगताना पोरीने हे वाक्य तिन्ही वेळा गाळलं होतं. तिने लेकीकडे बघितलं, मग जावेकडे. काही क्षण दोघी जावा एकाच बाजूला उभ्या होत्या, आणि हे दोघींनाही अवघड वाटत होतं.

कुंडलिकचा चेहरा उतरला. "तेजू, दादाचं नाव का नाही लिहिलंस? अन्न देतो तो तुला."

"काका, प्लीज ना. नंतर सांगते."

"आत्ता सांग."

"अरे, पोरीला कशाला फाडून खाताय सगळे?" धम्मपाल म्हणाला. "माझं नाव नाही तर नाही. मला कुठे हवंय?"

हे औदार्य माधुरीला अजिबात पटलं नाही. समोर हार घेऊन कोणी उभं असेल तर हा नवरा मान पुढे करतो, हे ती चांगलं ओळखून होती. मागच्या वर्षी विहारात 'भावाच्या मुलीच्या शिक्षणाचा भार उचलल्याबद्दल' त्याचा सत्कार झाला, तेव्हा तो फोटो त्याने स्वतः तीन ग्रुपवर टाकला होता.

* * *

खाटेवर बसलेल्या शकुआजीला हे भांडण नको होतं. भांडणाला तिची हरकत नव्हती, आयुष्यभर तिने ती भरपूर केली होती. पण आत्ताची वेळ चांगली नव्हती. मंगळवारपासून तिच्या पोटात एक आनंदाची गोष्ट होती आणि ती कोणाला न सांगता राहणं तिच्या जिवावर आलं होतं.

"गप बसा आता," ती म्हणाली. "कसला फंड न् कसलं काय. त्या पोरीला फंडाची गरज न्हाय. तिचं चांगलं व्हायला लागलंय. अशात घरात कालवा करू नका, भाईर ऐकू जातंय."

"काय चांगलं व्हायला लागलंय?" राधाने विचारलं.

शकुआजीने पदर सारखा केला. "स्थळ आलंय."

राधाने हातातली बशी खाली ठेवली.

"कोणाला स्थळ?" तेजल म्हणाली.

"तुला. मला का येणार हाय? मंगळवारी फोन आलता माझ्या मोबाइलवर. बाई होती. हिंदीत बोलत होती, नागपूरकडची असंल, तिकडं हिंदीच बोलत्यात आपली माणसं. लई रीतीची बाई. आधी माझी तब्येत इचारली."

तेजल हळूहळू खाटेपाशी आली आणि आजीसमोर खाली बसली. अर्जात घरचा दुसरा नंबर मागितला होता. काकाला पाळीवर फोन वापरू देत नाहीत, आई चार घरी स्वयंपाकाला जाते, म्हणून तिने आज्जीचा दिला होता. दिला आणि विसरून गेली.

"आज्जी, काय काय विचारलं तिने? सगळं सांग. एक पण शब्द सोडू नको."

"सगळे इचारतात तेच. पोरीचे पप्पा काय करत्यात? म्या सांगितलं, बँकेत मोठे साहेब हायेत. घर सोताचं हाय का? म्हटलं, हाय, मुलुंडला, लिफ्टचं. गाडी? हाय म्हटलं, पांढरी. पोरीच्या शिक्षणाचं कोण बघतं? म्हटलं, पप्पाच बघत्यात सगळं, कशाला कमी न्हाय. खोटं एक बोलले न्हाय मी."

"आज्जी! पप्पा म्हणजे तिला माझे वडील म्हणायचं होतं! म्हणजे काका!"

"मग काका म्हणायचं व्हतं तिनं. पप्पा कोणाला म्हणतीस तू? ह्यालाच न्हवं?" आजीने धम्मपालकडे बोट केलं. "आन मी म्हटलं, पोरगी शिकलेली असली तरी चपात्या गोल लाटती. ती बाई जरा येळ गप झाली. मग बरं बरं म्हणाली."

सगळ्यांत आधी माधुरी हसली. तिला आवरेचना. मग तेजल खाटेच्या कडेला डोकं टेकून हसायला लागली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कुंडलिकही हसला. शकुआजी तेवढी रागावून बसली, कारण स्थळ गेल्याचं दुःख एकटीलाच होतं. राधा उठून आत गेली, ताजे शेंगदाणे तळले आणि माधुरीच्या बशीत ओंजळभर घातले. माफी मागायची तिची पद्धत हीच होती. माधुरीने ती बशी रिकामी केली.

धम्मपालही हसला होता, पण सगळ्यांच्या नंतर, आणि थोडाच वेळ.

* * *

फंडाच्या मॅडमचं ऑफिस शनिवारी एकपर्यंत उघडं असतं, हे तेजलला माहीत होतं. तिने फोन लावून स्पीकरवर ठेवला. धम्मपालला दाराजवळची जागा मिळाली होती, आणि ती सोडावीशी वाटत नव्हती.

मॅडमना सगळं समजायला पाच मिनिटं लागली. मग त्याही हसल्या. "तभी मैं सोच रही थी, दादीजी रोटी का क्यूँ बता रही हैं." कुंडलिकची पगाराची पावती आणि रेशनकार्ड पाठवा म्हणाल्या. राधाने तेवढ्यात हात जोडले.

"और एक चीज," मॅडम पुढे म्हणाल्या. "दादीजी ने बोला है, पढाई का सब अंकल देखते हैं. वो मेरी फाइल में लिखा गया है. अंकल से एक लेटर चाहिए, आज शाम तक. देते हैं तो क्या देते हैं, नहीं देते तो कब से नहीं देते. देखिए, खाने का खर्चा कोई दे रहा है तो ये फंड नहीं बैठेगा. ये उसी बच्चे के लिए है जिसको देनेवाला कोई नहीं. जो सच है, बस वो लिख दीजिए."

फोन बंद झाला.

"म्हणजे झालं," कुंडलिक म्हणाला. "आपल्याला नाही बसत."

"का नाही बसत?" राधा उसळली. "भाऊजींनी एक ओळ लिहायची, देत नाही म्हणून. कोण बघायला येणार आहे बंगळुरूहून?"

"खोटं लिहायचं?"

"पोरीचं वर्ष वाचतंय त्यात!"

"आम्ही द्यायचं आणि देत नाही म्हणून सही पण करायची?" माधुरी म्हणाली. मघाचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "उद्या विहारात कोणाच्या हाती तो कागद लागला तर यांची काय अब्रू राहील? सत्कार झालाय यांचा."

"ताई, तुम्हाला सत्काराचं पडलंय?"

"मला खऱ्याचं पडलंय. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे जातात. विचार त्यांना."

पण धम्मपालला कोणी विचारलं नाही. विचारायचं काही आहे, असं कोणाला वाटतच नव्हतं. तो भिंतीकडे बघत होता. विशालच्या कॉलेजने जुलैत दुसऱ्या वर्षाची फी वाढवली, तेव्हा त्याने तेजलला फोन केला होता. एवढा महिना जमव बेटा, म्हणाला होता. पुढच्या महिन्यात तेच सांगितलं. तिसऱ्या महिन्यात त्याने फोन केला नाही आणि तिनेही केला नाही. त्याने स्वतःची समजूत घातली, पोरगी हुशार आहे, काहीतरी केलं असेल तिने. माधुरीला सांगितलं नाही, कारण विशालला त्या महागड्या कॉलेजात घालायचा हट्ट त्याचा स्वतःचा होता. कुंडलिकला सांगितलं नाही, कारण कुंडलिक त्याच्याकडे ज्या नजरेने बघायचा तसं दुसरं कोणी बघत नव्हतं. आणि तेजलने सहा महिन्यांत एका शब्दाने कोणाला कळू दिलं नाही. फक्त त्या फॉर्मवर खरं लिहिलं होतं.

त्याने तिच्याकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिने ठरवून नजर दुसरीकडे ठेवली आहे, हे त्याला कळलं आणि मान खाली गेली.

"दादा, तू काही मनावर घेऊ नकोस," कुंडलिक म्हणाला. "राधा आई आहे, ती बोलणारच. पण खोट्यावर मला नको काही. तू तिला जेवायला घातलंस ते नाही म्हणून लिहायचं? माझी जीभ झडेल. मी डबल ड्यूटी घेतो. भाड्याचं बघू."

एवढं पुरे होतं. मान डोलवायची, भावाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि खाली जाऊन गाडी काढायची. धम्मपालने घसा खाकरला. "कुंडलिक म्हणतो ते..." तो म्हणाला आणि थांबला.

"पप्पा, जाऊ दे," तेजल म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मी नाही जात परत. इथेच नाक्यावरच्या क्लासमध्ये गणिताला मास्तर पाहिजेत म्हणे. एम.एस्सी. काय, बाहेरून पण करता येईल नंतर. लेटर नको लिहूस."

"अगं वेडी का तू?" राधा ओरडली. "शेवटचं सेमिस्टर!"

धम्मपाल उठला. टेबलावर तेजलची वही होती, तिचं मधलं पान त्याने काढलं. पेन त्याच्या खिशाला कायम असायचं. उभ्या उभ्याच टेबलावर वाकून तो लिहू लागला, बँकेत लिहितो तसं, समास सोडून, तारीख घालून. लिहायला वेळ लागला नाही.

"इंग्रजीत काय लिहिलंस?" कुंडलिकने विचारलं. "मला वाचून दाखव."

"तू झोप जरा. पाळीवरून आलायस."

"वाचून दाखव, दादा."

धम्मपालने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "मी तेजलचा चुलता. पहिल्या वर्षी मी तिच्या मेसचा खर्च दिला. या वर्षी जुलै महिन्यापासून आजपर्यंत मी तिला काहीही दिलेलं नाही."

"तूसुद्धा?" कुंडलिकचा आवाज दुखावला होता. "आणि त्यात जुलै कशाला घातलास? खोटं लिहायचंच तर साधं लिहायचं. इतकं खऱ्यासारखं कशाला?"

"कुंडलिक, खोटं नाही रे ते."

माधुरीने नवऱ्याकडे बघितलं. "काय म्हणालात?" तिने विचारलं, आणि पुन्हा तेच विचारलं. धम्मपालने सही केली. कागद तेजलसमोर ठेवला आणि हात मागे घेतला.

सगळ्यांना वाटलं, आता कुंडलिक थोरल्या भावाला बोलणार. राधा तर पुढेच सरकली होती. पण कुंडलिक भावाकडे वळलाच नाही. बोटं दुमडत तो महिने मोजत होता, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, आणि डिसेंबरपाशी आल्यावर त्याचा हात तसाच राहिला.

"तेजू," तो म्हणाला, "मग तू जेवत काय होतीस?"